बडोद्यात जंतू वाढवायचा मीडिया घेताय? पावडर घ्या, ब्लड प्लेट्स जपून

आमच्या लॅबला दांडिया बाजारातल्या एका डीलरकडून माल येतो, मॅकॉन्की आणि मॅनिटॉल सॉल्ट या मीडियांची पावडर, शिवाय ब्लड अगारच्या (रक्त घातलेल्या मीडियाच्या) तयार प्लेट्स. मॅकॉन्की एक नंबर! ई. कोलाय हा जंतू लावला की सकाळी गडद गुलाबी कॉलनी (जंतूंचा ठिपका), भोवती बाइलचा, म्हणजे पित्ताचा, धुरकट पट्टापण दिसतो, साल्मोनेला या जंतूची कॉलनी मात्र बिनरंगाची, म्हणजे लॅक्टोज (दुधातली साखर) कोण खातो नि कोण नाही ते लांबूनच कळतं. मॅनिटॉल सॉल्टपण मस्त, साडेसात टक्के मीठ असतं त्यामुळे बाकीचे बहुतेक जंतू गप्प बसतात नि स्टॅफ ऑरियस हा जंतू सगळं पिवळं करून टाकतो. ब्लड प्लेट्सचं मात्र काही खरं नाही. भर मे महिन्यात पोरगा स्कूटरला पिशवी लटकवून घेऊन आला, झाकणाला आतून पाणी, कडेचं रक्त काळपट, आता त्यावर हिमोलिसिस, म्हणजे जंतू रक्तपेशी फोडतो का ते, काय कपाळ बघणार? फोन केला तर डीलर शेठ म्हणतात "फ्रिजमां मूकी दो", म्हणजे फ्रिजमध्ये ठेवून द्या! पावडर बिनधास्त घ्या, फक्त डबा घट्ट लावा नाहीतर पावसाळ्यात दगड होतो. ब्लड प्लेट्स आइसबॉक्समधून देत असतील तरच, आणि एक्स्पायरी दुकानातच बघून घ्या.