एअर रायफलची हार्ड केस: चार वेळा विमानानं जाऊन आल्यावर

मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते, प्रॅक्टिस बालेवाडीला आणि मोठी स्पर्धा असली की बहुतेक वेळा दिल्ली, तुघलकाबादची कर्णीसिंग रेंज. आधी आम्ही ट्रेननंच जायचो, रायफल बर्थखाली आणि मी रात्रभर जागी. मग एका वर्षी स्पर्धा आणि तिची परीक्षा एकाच आठवड्यात आली, विमानाशिवाय गत्यंतर राहिलं नाही, तेव्हा ही केस घेतली. आता चार वेळा जाऊन येऊन झालंय म्हणजे आठ फ्लाइट, त्यामुळे खात्रीनं लिहितेय.

केस काळी, जाड प्लास्टिकची, आत दोन्ही बाजूला फोम, सहा लॅच, कुलपासाठी दोन भोकं, एका टोकाला चाकं. साडेनऊ हजाराला पडली. रिकामी केसच सहा किलोची आहे, हे आधीच सांगते कारण पुढे वजनावरनंच सगळी गाडी अडते.

रायफलसोबत जी पातळ केस येते ती घरून रेंजवर न्यायला ठीक आहे, पण विमानाच्या लगेजमध्ये ती टाकू नका, अगदी हात जोडून सांगते. १० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ६० शॉट, सव्वा तास, आणि आता पॉइंट दशांशात मोजतात. डायोप्टर, म्हणजे नेम धरायची मागची साइट, तसूभर जरी हलली तरी पोरगी सगळा साइटिंगचा, म्हणजे मॅचआधी नेम जुळवायचा वेळ ती जागेवर आणण्यात घालवणार. आम्ही डायोप्टर काढून मऊ कापडात गुंडाळतो आणि फोममध्ये कटरनं त्याच्या मापाचा खड्डा केलाय, तिथे बसवतो. जपून न्यायचा म्हणून हँडबॅगेत टाकावासा वाटतो पण टाकू नका, बंदुकीचा भाग म्हणून सिक्युरिटीला अडकतो. फोम कापताना घाई करू नका, पहिल्यांदा मी मोठा कापला आणि परत तुकडा चिकटवावा लागला.

सिलिंडर. हा मुद्दा नवीन पालकांना कोणी सांगत नाही. रायफलचा सिलिंडर भरलेला असताना त्यात २०० बार दाबापर्यंत हवा असते आणि असा भरलेला सिलिंडर विमानात चालत नाही. घरूनच हवा पूर्ण सोडायची, सिलिंडर रायफलवरनं उतरवायचा आणि गेजचा, म्हणजे दाबाच्या मीटरचा काटा शून्यावर आहे हे दिसेल असा वरच्या बाजूला ठेवायचा. आमच्या केसमध्ये त्यासाठी वेगळा कप्पा नाही, ही मोठी उणीव आहे, आम्ही बटच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या टोकाच्या बाजूला जागा केली. आणि सिलिंडरवरची तारीख बघून घ्या, दहा वर्षं झाली की तो वापरायचा नसतो, सेकंडहँड रायफल घेतलेल्यांनी तर नक्कीच बघा.

आता काउंटर. पहिल्या वेळचा अनुभव फार वाईट होता. एअरलाइनचं नाव लिहीत नाही, पण काउंटरवरच्या मुलाला एअर रायफल म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तो लायसन्स मागतोय, मी सांगतेय की साडेचार मिलिमीटरच्या, वीस ज्यूल ताकदीच्या आतल्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही, हे बघा बिल, हे असोसिएशनचं पत्र, हे तिचं शूटर कार्ड, ही स्पर्धेची एंट्री. तो म्हणाला मॅडम, बंदूक आहे ना, मग लायसन्स पाहिजेच. सुपरवायझर आले, त्यांनी सिक्युरिटीवाल्यांना बोलावलं, केस सगळ्या लाइनीसमोर उघडली. मागे लोकं मोबाइल काढून बघतायत आणि ही पंधरा वर्षांची पोर शूटिंगचे बूट हातात धरून तिथेच उभी. त्या वयाच्या मुलीला गुन्हेगारासारखं उभं राहावं लागलं याचं मला अजून वाईट वाटतं. सव्वा तास गेला. बोर्डिंगचं शेवटचं नाव पुकारलं तेव्हा आम्ही पळत होतो.

दुसऱ्या वेळी बुकिंग झाल्याबरोबर फोन आणि मेल करून कळवलं, मेलचं उत्तर प्रिंट करून घेतलं, आणि घरून तीन तास आधी निघण्याऐवजी तीन तास आधी एअरपोर्टवरच पोचलो. काउंटरवर पहिलं वाक्य हेच बोलायचं की लगेजमध्ये स्पोर्ट्स एअर रायफल आहे, डिक्लेअर करायचीय. त्यांचा फॉर्म भरला, सिक्युरिटीच्या बाईंनी माझ्यासमोर केस उघडून चेंबर रिकामं बघितलं, गेज बघितला, म्हणाल्या, "कितव्या इयत्तेत आहेस गं?" वीस मिनिटांत काम झालं. नियम तेच होते, फरक फक्त समोरच्या माणसाला माहिती असण्याचा होता. एअरलाइन्सनी काउंटरच्या लोकांना हे एकदा नीट शिकवावं, एवढी मागणी आहे.

इथेच या केसचं खरं कौतुक आहे. कुलपं लॅचच्या बाहेर असल्यामुळे उघडून दाखवणं, परत लावणं एका मिनिटात होतं. किल्ली कायम माझ्या गळ्यात.

वजनाचं गणित. साधारण १५ किलो चेक-इन मिळतं. केस सहा, रायफल पाच, झाले अकरा. मग जाकीट, ट्राउझर, बूट, पेलेटचे (छर्ऱ्यांचे) डबे, स्टँड, ती बॅग वेगळी बारा किलोची. जादा वजन आधीच ऑनलाइन घ्या, काउंटरवर फार महाग पडतं. पेलेट चेक-इनमध्येच, हँडबॅगेत एक डबीसुद्धा राहिली नाही ना ते बघा, जाकिटाचे खिसे पण उलटे करून बघा, आमच्या एका मैत्रिणीच्या मुलाच्या खिशात निघाले होते.

स्वप्नील कुसाळेला २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळाल्यापासून कोल्हापूर, पुण्याकडची बरीच पोरं शूटिंगला यायला लागलीत आणि त्यातली काही आता ५० मीटरकडे वळतायत, त्यांच्यासाठी सांगते की तो वेगळा विषय आहे. तिथल्या .२२ बोअरच्या काडतुसाच्या रायफलला लायसन्स लागतं, ओरिजिनल सोबत पाहिजे आणि ते जिथे चाललात तिथे चालणारं पाहिजे. काडतुसं नीट पॅक केलेली. परदेशात जाताना एका माणसाला साधारण पाच किलोची मर्यादा असते आणि दोघांचा कोटा एका खोक्यात भरलेला चालत नाही. केस मात्र हीच चालेल.

उतरल्यावर केस बेल्टवर येईल म्हणून उभं राहू नका, आमची तीन वेळा स्टाफनं हातात आणून दिली, सही घेऊन. एकदा मात्र बाकीच्या सूटकेसांबरोबर बेल्टवरनंच आली, तेव्हा पोटात गोळा आला होता.

आठ फ्लाइटनंतर एक लॅच ढिला झालाय आणि एका चाकाचं रबर निघालंय. पण आतली रायफल जशीच्या तशी. गेल्या वेळी दिल्लीला रेंजवर पोचल्यावर तिनं डायोप्टर बसवला, साइटिंगचे पाच शॉट मारले, स्क्रीनकडे बघितलं आणि डायोप्टरचा एकही क्लिक न फिरवता मागे वळून मान हलवली.

पाचपैकी चार स्टार. एक स्टार सिलिंडरच्या कप्प्यासाठी कापला. चाक बदलून मिळतं का ते दुकानात विचारलंय, पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणाले.