हुजूर साहिबला निघताय? खोलीच्या नावाने असा गंडा घालतात

शनिवार-रविवार धरून नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात कीर्तन समागमाला (सामूहिक कीर्तनाला) किंवा गुरमत (शीख शिकवणीच्या) शिबिराला जायचं ठरलं, की रेल्वेची तिकिटं आधी काढली जातात. आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं, त्यामुळे तिथे सगळे जागे असतात. राहायची सोय मात्र मागे राहते आणि भामटे नेमके तिथेच टपलेले असतात. शुक्रवारी रात्री पंधरा-वीस जण बायकामुलांसह गाडीत बसणार, खोल्यांचा पत्ता नाही. मग गुरुवारी संध्याकाळी कुणीतरी गूगलवर 'यात्री निवास नांदेड बुकिंग' टाकतो. सगळ्यात वर येते ती बहुतेकदा जाहिरात असते. 'प्रायोजित' हा बारीक शब्द घाईत दिसत नाही. नकाशावरच्या नंबरावरही विसंबू नये, कारण तिथली माहिती बदलायची सूचना कुणीही पाठवू शकतं.

फोन उचलणारा 'वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह' म्हणतो, डीपीवर गुरुद्वाऱ्याचा फोटो असतो. दर पटेल असाच सांगतो, कारण फार स्वस्त सांगितलं तर माणूस बिचकतो. आधार कार्डांचे फोटो मागवून घेतो आणि पाच मिनिटांत शिक्क्याची, खोली क्रमांकाची पावती पाठवतो. इथपर्यंत गेलेले असतात हजार-बाराशे.

मोठा डल्ला त्यानंतर. 'पेमेंट सिस्टीमला चढलं नाही, बुकिंग कोड टाका' असा फोन येतो. कोड असतो 14999, आणि तो टाकायला सांगतात यूपीआयच्या रकमेच्या रकान्यात. 'हे पैसे नाहीत जी, कोड आहे' हे पालुपद चालूच असतं, फोन ठेवू देत नाहीत. पिन टाकला की 14,999 रुपये गेले. मग 'एंट्री अर्धवट राहिली, तोच कोड पुन्हा टाका, दोन्ही रकमा एकदम परत येतील.' गटप्रमुखाच्या खात्यात सगळ्यांची वर्गणी जमा असते, त्यामुळे दुसरा, तिसरा हप्ताही निघतो. पैसे परत मिळवायला पिन कधीच लागत नाही, एवढं एकच ध्यानात ठेवलं तरी हा डाव तिथेच फसतो.

पिन टाकण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं, ते वाचा. गुरुद्वारा बोर्डाऐवजी एखाद्या व्यक्तीचं किंवा 'एंटरप्रायझेस'चं नाव असेल तर तिथेच थांबा. चौकशी बोर्डाच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या नंबरावरच करा. आपल्या गावच्या गुरुद्वाऱ्यातल्या सेवादारांकडेही तो बहुधा असतो. आणि लंगरचा पास, दर्शनाचा व्हीआयपी पास, 'सेवा नोंदणी शुल्क' असलं काही कुणी विकत असेल तर पुढे बोलूच नका. लंगर सर्वांना मोफत असतो, दर्शनाला तिकीट नसतं.

हे एकट्या नांदेडचं नाही. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंना लक्ष्य करणाऱ्या बनावट बुकिंगबद्दल देशभर इशारा दिला होता; त्यात केदारनाथच्या हेलिकॉप्टरपासून यात्रेकरूंच्या निवासापर्यंत सगळं होतं.

पैसे गेलेच तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा, गटात चर्चा नंतर. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार नोंदली गेली तर ती गोठवता येण्याची शक्यता असते. व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर (संदर्भ) क्रमांक, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. समोरचा 'सर्वांसाठी डिलीट' करायच्या आत चॅटचे स्क्रीनशॉट काढा. बँकेलाही लगेच कळवा, पण पिन तुम्हीच टाकलेला असतो, त्यामुळे बँक भरपाई देईलच असं धरून चालू नका.

नंतर 'सायबर सेलमधून बोलतोय, फाइल चार्ज भरा, पैसे सोडवतो' असाही फोन येऊ शकतो. तो त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून यादी विकत घेतलेल्याचा समजा. पाठवलेल्या आधारच्या फोटोंचं निस्तरणं राहतंच: ज्यांची कार्डं गेली त्या सगळ्यांनी आधारचं बायोमेट्रिक लॉक करावं आणि दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर आपल्या नावाने किती मोबाइल नंबर चालू आहेत ते पाहावं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच 'माझा नाही' म्हणून कळवता येतं.