किडनीसाठी आयुर्वेद: पुनर्नवा, गोखरू, वायवर्णा की चंद्रप्रभा?

आधी एक सरळ सांगते, "किडनीचं औषध" असं एकच काही नसतं. खडा आहे, अंगावर सूज आहे की क्रिएटिनिन (किडनी कमजोर झाली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) वाढलंय, यावर सगळं ठरतं, आणि बरेच जण इथेच गफलत करतात, कुणाला तरी खड्यावर जे लागू पडलं तेच आपल्या क्रिएटिनिनसाठी सुरू करतात.

खडा असेल तर गोखरू (म्हणजे सराटा), वायवर्ण्याची साल आणि पाषाणभेद ही नावं येतातच. 5 मिमीच्या आतला खडा पुष्कळदा नुसत्या भरपूर पाण्यानेही पडून जातो, त्यामुळे काढ्याचा वाटा किती हे छातीठोक सांगता येत नाही. तरी तिघांतलं निवडायचं तर मी गोखरू-वायवर्णा घेईन, कारण पाषाणभेद या नावाखाली वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, पुडीत नेमकं काय आलंय ते कळत नाही. खड्याच्या दुखण्यासोबत थंडीताप आला किंवा लघवी अडली तर काढा बाजूला ठेवा, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

सुजेसाठी पुनर्नवा, म्हणजे आपली घेटुळी. लघवी मोकळी करते म्हणून तिचं नाव आहे, पण तिच्यात पोटॅशियम बरंच असतं आणि किडनी कमजोर असली की ते रक्तात साठतं, वर बीपीच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात, मग हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणजे जिला सगळे किडनीची मैत्रीण म्हणतात तीच आजार पुढे गेल्यावर जपून घ्यायची.

तयार गोळ्यांत गोक्षुरादि गुग्गुळ की चंद्रप्रभा? गोक्षुरादिमध्ये गोखरू, गुग्गुळ, त्रिफळा, त्रिकटू, नागरमोथा, सगळ्या वनस्पतीच. चंद्रप्रभेत लोहभस्म, सुवर्णमाक्षिक (एक धातुयुक्त खनिज), शिवाय तीन प्रकारची मिठं आणि यवक्षारासारखे क्षार. बीपी किंवा क्रिएटिनिन वाढलेल्याने चंद्रप्रभा स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नये.

आणि क्रिएटिनिन वाढलेलं असेल, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाजे आकडा) 3 महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली असेल, तर कुठल्याही जडीबुटीपेक्षा बीपी, शुगर ताब्यात ठेवणं आणि मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत आणणं याचाच आधार मोठा आहे. वैद्यांकडे जायचं तर पथ्य नीट बसवून घ्यायला जरूर जा, पण चालू गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याकडे नको. पारा, शिसं असलेली भस्मं आणि घटक न लिहिलेल्या पुड्या तर कुणीच घेऊ नयेत, जड धातूंनी किडनी खराब होते, आणि ईश्वरी (सापसंद) या वनस्पतीतल्या ॲरिस्टोलोकिक ॲसिडनेही कायमची खराब होते, कॅन्सरचा धोका वेगळाच.

काहीही सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) तपासून घ्या, काय घेताय ते किडनीच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, काही आठवड्यांनी तेच रिपोर्ट पुन्हा काढा आणि आकडा वर गेला तर तिथेच थांबवा, बरं वाटत असलं तरी, कारण किडनी बरीच बिघडेपर्यंत त्रास जाणवतच नाही.