एल्डरबेरीच्या काड्या ऑनलाइन मागवल्या, दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू

पार्सल उघडल्या दिवशी झाडाचा रिव्ह्यू लिहून काही उपयोग नसतो, एक अख्खा उन्हाळा काढला की मगच खरं काय ते कळतं, म्हणून मुद्दाम थांबून आत्ता लिहितोय. नर्सरीचं नाव घेत नाही पण गरम हवेत कोणाला एल्डरबेरी (झुपक्यांनी छोटी काळी फळं येणारं झुडूप) लावायची असेल तर वाचा.

मी घेतल्या होत्या अमेरिकन एल्डरबेरीच्या काड्या, बॉब गॉर्डन आणि वाइल्डवुड अशा दोन जाती, सोबत युरोपियन एल्डरबेरीचं एक तयार रोप आणि थोड्या अंजीर-तुतीच्या काड्या. पॅकिंग एक नंबर. ओल्या पेपरात गुंडाळलेल्या, खालचा काप तिरका आणि वरच्या टोकाला मेण लावलेलं, त्यामुळे उलटी लावली जायची भीतीच नाही, आणि प्रत्येक काडीवर डोळ्यांच्या दोन-तीन जोड्या, एकदम टपोऱ्या.

सावलीत कुंडीत लावल्या, खालचे डोळे मातीत. आठ-दहा दिवसांत पानं आली म्हणून मी खुश, एक काडी हळूच उपटून बघितली तर मुळाचा पत्ता नाही! काडी आधी स्वतःत साठवलेल्या अन्नावरच पानं काढते हो, मुळं मागून येतात, त्यामुळे पानं दिसली म्हणून ऊन दाखवायची घाई करू नका आणि उपटून तर अजिबात बघू नका. ती एक गेली, बाकी सगळ्या लागल्या. अंजीर आणि तुती तर काय, खोचल्या की लागतात.

आता तक्रार. वेबसाइटवर सगळ्याच एल्डरबेरींखाली 'गरम हवेत उत्तम' असं सरसकट लिहिलंय, आणि हे चुकीचं आहे. अमेरिकन जात, म्हणजे सॅम्ब्युकस कॅनाडेन्सिस, पार फ्लोरिडापर्यंत रानात वाढते, तिला उष्णता चालते. युरोपियन सॅम्ब्युकस नायग्रा थंड हवेतली. माझं रोप रोज पाणी घालून, दुपारी सावली करूनसुद्धा पानांच्या कडा करपत करपत पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. विचारलं तर म्हणे पाणी कमी पडलं असेल. त्याच मातीत हातभर अंतरावर कॅनाडेन्सिस हिरवीगार उभी होती, तिला कसं पुरलं मग तेच पाणी?

तसंच याच वेबसाइटवरच्या ॲना सफरचंदाचं. इस्राएलमध्ये तयार झालेली ही जात, थोड्याशा थंडीवर भागतं, त्यामुळे गरम भागासाठी खरंच चांगली, पण जवळ डॉर्सेट गोल्डनसारखं दुसऱ्या जातीचं सफरचंदाचं झाड असलं तरच नीट फळं धरते, आणि हे कुठेच लिहिलेलं नाही, एकच रोप विकून मोकळे.

कॅनाडेन्सिसवर मात्र मी जाम खुश आहे. नवीन फुटव्यांवर त्याच वर्षी फळ येतं, म्हणून थंडी संपताना सगळं जमिनीलगत छाटून टाकलं (हात थरथरत होता खरं सांगतो) आणि उन्हाळ्यात फुटवे डोक्याच्या वर गेले, त्यावर ताटाएवढे फुलांचे पांढरे झुपके. दोन जाती शेजारी असल्याने फळंही भरपूर धरली. मुळं वरवर असतात, त्यामुळे बुंध्याशी वाळलेल्या पाल्याचा जाड थर हवाच, तो विस्कटला की दुपारपर्यंत झाड माना टाकतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं जे सोबतच्या कार्डावर असायलाच हवं होतं: फळं कच्ची खायची नाहीत. पानं, देठ, हिरवी फळं यात पोटात गेल्यावर सायनाइड तयार करणारे घटक असतात, त्यामुळे पूर्ण काळी झालेली फळं देठांपासून नीट सोडवून शिजवूनच वापरायची. घरात लहान मुलं असतील तर त्यांना आधी हे सांगा, झुपके दिसतातच असे की हात जातो.

काड्यांना पाचपैकी पाच, माहितीला जेमतेम दोन. पुढच्या थंडीत वाइल्डवुडच्या काड्या परत यांच्याकडूनच मागवणार आहे, पण तयार रोप शास्त्रीय नाव लेखी मिळाल्याशिवाय घेणार नाही.