१००-४०० मिमीची झूम लेन्स, फुलपाखरं आणि क्रॉपचा हिशोब: आठ महिन्यांनंतर

ही लेन्स घेतली तेव्हा डोक्यात सरळ बेत होता. लांबून टिपायचं आणि घरी येऊन कापायचं. फुलपाखरू लहान आलं तर क्रॉप करू, काळवंडलं तर उजळवू, जरासं हललं असेल तर शार्पनिंग आहेच. आठ महिन्यांनी सांगतो: पहिलं बऱ्यापैकी खरं निघालं, दुसरं अर्धंमुर्धं, तिसरं साफ खोटं.

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी सेन्सरचा, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा. मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही, कारण या जातीच्या कुठल्याही जोडीला थोड्याफार फरकाने हेच लागू पडेल. लेन्स जवळात जवळ साधारण एक मीटरवर फोकस करते आणि तिथे ०.३ पट मॅग्निफिकेशन देते. खोक्यावरचा हा आकडा मी सुरुवातीला वाचून सोडून दिला होता. खरं तर सगळी मेख त्यातच आहे. पंख पसरल्यावर ४० मिमी भरणारं फुलपाखरू सेन्सरवर १२ मिमीचं उमटतं. सेन्सर साडेतेवीस मिमी रुंद आणि त्यावर आडवे ६००० पिक्सेल, म्हणजे फुलपाखराच्या वाट्याला तीन हजार. झकास. पण ‘ब्लू’ नावाच्या लहान फुलपाखरांच्या गटातलं २५ मिमीचं पिटुकलं असेल तर एकोणीसशेच. तेही ते मीटरभर अंतरावर येऊ देईल तेव्हा. दोन मीटरवरूनच टिपावं लागलं तर माझ्या फोटोंत ते बाराशे पिक्सेलच्या आसपास उरतं.

क्रॉपची माझी मर्यादा यावरून ठरली. दोन्ही बाजू निम्म्या केल्या की ३००० गुणिले २०००, म्हणजे साठ लाख पिक्सेल हातात राहतात. स्क्रीनवर बघायला पुरून उरतात आणि ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापलं तर दहा इंच रुंद प्रिंट निघते. एक तृतीयांशापर्यंत कापलं की सत्तावीस लाखांच्या आत. मोबाइलवर छान दिसतं, मोठ्या स्क्रीनवर कसंबसं. त्याच्या पुढचा फोटो मी फक्त ओळख पटवण्यासाठी नोंद म्हणून ठेवतो, कुणाला दाखवत नाही.

पण पिक्सेल कमी होणं हा क्रॉपचा सगळ्यात किरकोळ तोटा आहे, हे कळायला मला तीन महिने लागले. क्रॉप म्हणजे उरलेला तुकडा ताणून मोठा करणं. त्याबरोबर नॉइझ, म्हणजे फोटोतला रवाळपणा, मोठा होतो, हाताची थरथर मोठी होते आणि फोकसची केसभर चूक बोटभर होते. ०.३ पटीला लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ठेवलं तर शार्प पट्टा खोलीत जेमतेम चार-पाच मिमीचा मिळतो. तोच फोटो निम्मा कापून तेवढ्याच आकारात बघितला की हा पट्टाही निम्मा झालेला असतो. पूर्ण फ्रेममध्ये टवटवीत वाटणारा पंख कापल्यावर टोकाशी विरघळलेला दिसतो तो याचमुळे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! मी मात्र पोहराच बदलत बसलो होतो; दोन सॉफ्टवेअरं झाली, तिसऱ्याची चाचणी आवृत्तीसुद्धा.

फरक पडला तो उभं राहण्याच्या जागेने. पंख मिटून बसलं असेल तर बरोबर बाजूने, पसरून बसलं असेल तर वरून. थोडक्यात, सेन्सर पंखांना समांतर. दहा अंश तिरकं झालं तरी पुढचा पंख शार्प आणि मागचा धूसर. छिद्र लहान करत एफ/११ पर्यंत बिनधास्त जातो. एफ/१६ ला डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळंच किंचित मऊ पडतं आणि क्रॉप ते चव्हाट्यावर आणतो. शटरचा वेग १/८०० सेकंदाच्या खाली शक्यतो नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन माझा हात थोपवतं, वाऱ्यावर डोलणारं गवताचं पातं नाही. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, त्यामुळे १६०० ला सहज पोचतो. पोचू दे. नॉइझ नंतर आवरता येतो, हललेला डोळा नाही.

वेळ सकाळची. फुलपाखरांना स्वतःची उष्णता फारशी नसते. उडायचे स्नायू तापेपर्यंत ती पंख पसरून ऊन खात बसतात आणि तेवढ्यात माणसाला जवळ जाता येतं. ओल्या मातीवर क्षार शोषायला जमलेले नरही असेच गुंग असतात. सोंड खाली आणि जगाचा विसर. मात्र आपली सावली त्यांच्यावर पडली की संपलं. मी शेवटचे दोन मीटर गुडघ्यांवर जातो. पँटचे गुडघे फाटले आहेत, ते लेन्सच्या खर्चात धरलेले नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणी आधी सांगायला हवी होती. मिटलेल्या पंखांचं फुलपाखरू बऱ्याचदा उभ्या चौकटीत बसतं. आडव्या फ्रेममधून ४:५ चा उभा तुकडा काढला की २४ पैकी १२.८ मेगापिक्सेलच उरतात, म्हणजे फुलपाखरू मोठं न करताच निम्मा फोटो गेला. कॅमेरा उभा धरायला सेकंद लागतो. आठव्या महिन्यातही मी विसरतो.

आता एडिटिंग. रॉमध्येच, म्हणजे सेन्सरच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच काढतो, १४ बिटच्या फाइलमधून जेवढं ओढता येतं तेवढं ८ बिटच्या जेपेगमधून येत नाही. सगळ्यात छळतात ती पांढरी आणि पिवळी फुलपाखरं. पांढऱ्याला मागे गडद हिरवळ असली की कॅमेरा उजेड वाढवतो आणि पंखांवरच्या शिरा धुऊन जातात, म्हणून एक्स्पोजर मी आधीच दोन तृतीयांश स्टॉप खाली ठेवतो. पिवळ्याचं दुखणं वेगळंच. साधा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटपाचा आलेख) ठणठणीत दिसतो आणि लाल रंगाचा चॅनेल केव्हाच फुटलेला, म्हणजे कमाल मर्यादेला आपटून तपशील गमावलेला असतो. तिन्ही चॅनेलचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावला तेव्हा कुठे उमगलं की माझी पिवळी फुलपाखरं प्लास्टिकची का दिसत होती.

निळ्याला तर सॅच्युरेशनचा, म्हणजे रंग गडद करण्याचा स्लायडर लावूच नये, असं माझं ठाम मत झालंय. बहुतेक निळी झळाळी रंगद्रव्याची नसते. खवल्यांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश उलटतो म्हणून ती दिसते आणि कोन बदलला की बदलते. एकाच फुलपाखराच्या लागोपाठच्या दोन फोटोंत निळा वेगळा आला तर ती चूक नाही. मी बरेच दिवस ती ‘दुरुस्त’ करत होतो. काळ्या पंखांचंही तसंच. शॅडो, म्हणजे फोटोतले गडद भाग, वर ओढल्या की काळा जाऊन राखाडी मळकटपणा येतो.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी. आधी नॉइझ, मग उजेड-रंग, मग क्रॉप, मग हव्या त्या आकारात छोटं करणं, आणि त्यानंतर हलक्या हाताने शार्पनिंग, तेही मास्क लावून फक्त फुलपाखरावर. मागच्या धूसर हिरव्यावर ते पसरलं की रवाळ होतं. मिशांभोवती पांढरी कड दिसू लागली की समजावं, हात जड पडला. एआयने फोटो मोठा करणारी साधनंही वापरून पाहिली. पार्श्वभूमीचा नॉइझ ती सुरेख साफ करतात, पण पंखावर मूळ फोटोत नसलेले खवले रंगवून देतात. बघणाऱ्याला आवडतं. मला ते बघून अवघडल्यासारखं होतं.

क्रॉपने एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. प्लेन टायगर या फुलपाखराचा म्हणून एक फोटो मोठ्या अभिमानाने ठेवला होता. चेहरा, सोंड आणि पुढचे पंख एवढाच घट्ट कापलेला. कुणीतरी विचारलं, डॅनेइड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी कशावरून नाही? ही मादी हुबेहूब प्लेन टायगरची नक्कल करते आणि दोघींना ओळखायची सोपी खूण मागच्या पंखावर असते. प्लेन टायगरला तिथे तीन-चार काळे ठिपके, एगफ्लायला एकच ठसठशीत. माझ्या क्रॉपमध्ये मागचा पंखच नव्हता. रॉ फाइल शाबूत होती म्हणून वाचलो. उघडून बघितलं तर एकच ठिपका. तेव्हापासून प्रत्येकाची एक प्रत पंखांच्या चारही टोकांसकट ठेवतो, देखणा क्रॉप वेगळा. देखण्यातही फुलपाखरू ज्या दिशेला तोंड करून आहे तिथे मोकळी जागा सोडतो आणि मिशांची टोकं कापत नाही.

लेन्सबद्दल तक्रारी आहेत. जवळजवळ दीड किलो वजन दोन तासांनी मनगटाला कळतं. ऑटोफोकस बारीक फुलपाखरू सोडून मागच्या गवतावर जाऊन बसतो. त्यावर माझा उपाय म्हणजे फोकस हाताने लावायचा आणि स्वतः पुढे-मागे झुलत डोळा शार्प झाला की बटण दाबायचं. चिमुकल्या ब्लूंसाठी सहाव्या महिन्यात दोन डायऑप्टर शक्तीची क्लोज-अप लेन्स, म्हणजे मुख्य लेन्सच्या तोंडावर आट्यांनी बसणारं भिंग, पुढे बसवायला लागलो. तिने ४०० मिमीला, मुख्य लेन्सचा फोकस अनंतावर असताना, ०.८ पट मिळते, तेही अर्ध्या मीटरवरून. तेच २५ मिमीचं पिटुकलं आता पाच हजार पिक्सेल भरतं आणि क्रॉप नावापुरता उरतो. गैरसोय एवढीच की ती चढवली की लांबचं काहीच फोकस होत नाही. फांदीवर काही मोठं येऊन बसलं की तिचे आटे सोडवेपर्यंत ते उडालेलं असतं.

लेन्स ठेवणार आहे. १०० मिमीच्या आसपासची मॅक्रो लेन्स एकास एक देते, म्हणजे फुलपाखरू सेन्सरवर आहे तेवढंच उमटतं, पण तेव्हा लेन्सच्या तोंडापासून फुलपाखरू वीतभरही लांब नसतं, आणि माझ्या गुडघ्यांची चाल अजून तेवढी हलकी नाही. कॅमेरा खाली झुकवला की झूमची नळी आपोआप घसरते, तिला मी रुंद रबरबँड लावलाय. तो परवा दुसऱ्यांदा तुटला.