४,८५० रुपये गेले, कार्ड तेच राहिलं

लिहायला लाज वाटतेय, कारण दुसऱ्यांची बिलं तपासणं हीच माझी नोकरी.

लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही आहेत. एका सकाळी उबुंटूत वाय-फायच गायब, ‘ॲडॉप्टर सापडला नाही’. दुपारी मीटिंग, भाचा फोन उचलेना. गेलो जवळच्या दुकानात. तुम्ही काय केलं असतं?

दुकानदाराने आधी विंडोज उघडलं, स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला, क्रिकेटचा स्कोअर पाहिला. मग उबुंटू. “काका, वाय-फाय कार्ड उडालंय. लिनक्समुळे बोर्डवर लोड येतो.”

दोन मिनिटांपूर्वी ज्या कार्डावर स्कोअर दिसला, ते उडालेलं कसं? मी समोर स्टुलावर बसून बघत होतो हो! कोपऱ्यातल्या वाय-फायच्या रेघा पूर्ण भरलेल्या होत्या. आणि मी मान डोलावली.

कार्ड २,४००, बोर्डचं काम १,८००, ‘बायोस सेटिंग’ ६५०. जुनं कार्ड मागितलं तर म्हणे भंगारात गेलं. जुना पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे काढू नका.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यावेळी भाच्याने फोन उचलला आणि सांगितलं: विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन करूनही ते पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. काही लॅपटॉपांत वाय-फाय कार्डही त्यासोबत अडकून राहतं. विंडोजमधून रीस्टार्ट केलं की सुटतं. म्हणजे त्या पठ्ठ्याने रीस्टार्टचे ४,८५० घेतले! पॉवर ऑप्शन्समधली ती खूण काढली, आजतागायत त्रास नाही. तुमचं दुखणं वेगळं असेल, पण दुकान गाठण्याआधी उबुंटूच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) ‘rfkill list’ टाकून तरी बघा. वाय-फाय नुसतं ब्लॉक झालेलं असलं तर तिथे कळतं.

मग राउटरवर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. लॅपटॉपच्या नावापुढे मॅक ॲड्रेस (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) जुनाच, अक्षर न् अक्षर. नव्या कार्डाचा वेगळा असतो.

दुकानदार म्हणाला, पावती दाखवा. पावती कसली, वहीचं फाडलेलं पान, त्यावर ‘सर्व्हिस’ एवढाच शब्द. पक्कं बिल मागा, जीएसटी वाचवायच्या नादी लागू नका (मी लागलो). चौकीत म्हणाले, ही दिवाणी बाब, वर कॉम्प्युटरचं प्रकरण, सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले, यूपीआयने पैसे तुम्हीच पाठवलेत, यात ऑनलाइन फसवणूक कुठे? अर्ध्या दिवसाची रजा टाकून पुन्हा चौकीत. साहेब जेवायला गेलेले. पाऊण तासाने आले, मॅक ॲड्रेसचे छापील कागद उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं, “लॅपटॉप आता चालतोय ना?”

म्हटलं, चालतोय.

“मग तक्रार कसली?”