आखाजीला चॉकलेट करायचं की चिक्की? कंपाउंड, असली चॉकलेट आणि गूळ-दाणे

माझी नणंद नाशिकला असते, दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मुलांना घेऊन आमच्याकडे जळगावला येते. यंदा तिचा मार्चमध्येच फोन, वहिनी, पोरांना सुट्टीत घरी चॉकलेट करायला शिकवायचंय, दाणे-बदाम घालून, परत जाताना बिल्डिंगमध्ये वाटायलाही होतील, तर येताना कंपाउंड आणू की ते महागातलं असली आणू? मी म्हटलं थांब, आधी महिना बघ मग चॉकलेट बघ. आणि मग फोनवर पाऊण तास जे बोलले तेच इथे टाकतेय, कारण दिवाळीच्या आधी आणि राखीच्या आधी हाच प्रश्न मला अजून चार-पाच जणी विचारतात.

पहिल्यांदा कंपाउंड आणि असली यात फरक काय ते, कारण दुकानात दोन्ही लाद्या सारख्याच दिसतात. असली म्हणजे ज्यात कोको बटर असतं, बेकरीच्या सामानाच्या दुकानात त्याला कुव्हर्चर म्हणतात. कंपाउंडमध्ये कोको पावडर असते पण कोको बटरच्या जागी पामच्या बियांचं वगैरे वनस्पती फॅट असतं. लादी उलटी करून घटक वाचा, कोको बटर लिहिलेलं नसेल आणि व्हेजिटेबल फॅट लिहिलं असेल तर ते कंपाउंड, समोर कितीही मोठ्या अक्षरात डार्क लिहिलेलं असू दे. काही जणी म्हणतात कंपाउंड म्हणजे निव्वळ डालडा, तर तेवढंही नाही, डालड्यात ज्याची भीती असते त्या ट्रान्स फॅटवर 2022 पासून आपल्याकडे 2 टक्क्यांची मर्यादा आहे. पण सॅच्युरेटेड फॅट भरपूर असतं, आणि साखरही, त्यामुळे रोज खायची वस्तू ती नाहीच.

पैशाचं म्हणाल तर असली मला कंपाउंडच्या तिप्पट तरी पडतं. आधी एवढा फरक नव्हता, पण 2024 ला पश्चिम आफ्रिकेत कोकोचं पीक बसलं, घाना आणि आयव्हरी कोस्ट दोन्हीकडे, आणि जगाच्या बाजारात कोको टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला. आपल्या कापसाला असा भाव एकदा तरी येऊ दे असं आमचे दीर तेव्हा रोज म्हणायचे. असो.

चवीत तुलनाच नाही, असली जिंकतं. कोको बटर साधारण 34 डिग्रीला वितळतं, आपलं तोंड 37 चं, म्हणून ते जिभेवर ठेवलं की पाणी होतं. कंपाउंड टाळूला चिकटतं, मेणासारखा एक थर राहतो. माझ्या सासूबाई पारोळ्याकडच्या, मी पहिल्यांदा कंपाउंडचं साधं चॉकलेट केलं तेव्हा त्यांनी एक तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं आणि म्हणाल्या, हाई चाकलेट शे का मेनबत्ती? तेव्हा राग आला होता, आता वाटतं त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगितलंच नसतं.

पण हाच 34 चा आकडा खान्देशात नडतो. आखाजी एप्रिलच्या शेवटी नाहीतर मेमध्ये, बाहेर 43-44 आणि कूलर लावूनही दुपारी स्वयंपाकघरात 36-37. म्हणजे असली चॉकलेट साच्यातून काढायचा प्रश्नच नाही, ते साच्यात बसणारच नाही. कंपाउंड जरा जास्त टिकाव धरतं, पण मे महिन्यात तेही बोटाला लागतं, कोणी सांगत असेल की कंपाउंड वितळत नाही तर त्यांना भुसावळला बोलवा.

आणि असली नुसतं वितळवून ओतून चालत नाही, त्याला टेंपर करावं लागतं. टेंपर म्हणजे कोको बटरचे स्फटिक एका ठराविक प्रकारे बसवायचे, तरच चकाकी येते आणि तोडताना टक्‌ आवाज होतो, नाहीतर दोन दिवसांत वर पांढुरकी बुरशीसारखी नक्षी येते, ती बुरशी नसते, फॅटच वर आलेलं असतं, खायला चालतं पण द्यायला लाज वाटते. घरी जमेल अशी पद्धत एकच, 300 ग्राम डार्क घेतलं तर 200 ग्राम 45 डिग्रीपर्यंत वितळवायचं, खाली उतरवून उरलेलं 100 ग्राम बारीक चिरलेलं त्यात घालायचं आणि 31-32 ला येईपर्यंत हलवत राहायचं. मिल्क असेल तर 29-30. थर्मामीटर घ्याच, ऑनलाइन मिळतो. नसेलच तर थेंबभर खालच्या ओठाला लावायचा, किंचित गार लागला पाहिजे, कोमट लागला तर अजून हलवा. मग सुरीचं टोक बुडवून ठेवायचं, पाच-सात मिनिटांत चकचकीत घट्ट झालं तर जमलं. आता हे सगळं करायला खोली 20-22 ची लागते, आणि आपल्याकडे ती मिळते डिसेंबर-जानेवारीत सकाळी सकाळी, दारं उघडी टाकून. मी असली चॉकलेट फक्त तेव्हाच करते, सहा वाजता स्वेटर घालून. एसी असेल तर गोष्ट वेगळी, पण वीज गेली की काय हेही धरून चाला.

कंपाउंडला यातलं काही नाही. तुकडे करायचे, मायक्रोवेव्हला वीस-तीस सेकंद, काढून हलवायचं, परत वीस सेकंद, झालं. नाहीतर उकळत्या पाण्यावर भांडं, पण भांड्याचा बूड पाण्याला टेकू द्यायचा नाही आणि वाफ आत जाऊ द्यायची नाही. पाण्याचा थेंब दोघांचाही दुश्मन आहे. मागच्या दिवाळीत मी नुकताच धुतलेला, वरवर पुसलेला चमचा घातला आणि अर्धा किलो मिश्रण डोळ्यांदेखत ओल्या मातीसारखं गोळा झालं, हलवत जावं तसं अजूनच घट्ट. अशा वेळी ते परत चॉकलेट होत नाही, उगाच तेल ओतू नका, गरम दूध घालून ढवळायचं, चांगला सॉस होतो. आमच्याकडे आठ दिवस पोरं पोळीला लावून खात होती.

अजून एक, पैसे वाचवायला अर्धं कंपाउंड अर्धं असली असं करू नका, मीही केलंय. दोन्हीचं फॅट एकमेकांत नीट बसत नाही, मिश्रण दोघांपेक्षा मऊ राहतं आणि लवकर पांढरं पडतं. आणि तिसरा एक प्रकार व्हिडिओत फार फिरतो, कोको पावडर, पिठीसाखर आणि खोबरेल तेल एकत्र करून घरगुती हेल्दी चॉकलेट. खोबरेल तेल 24-25 डिग्रीला वितळतं. बाथरूममधली तेलाची बाटली आठवा, आपल्याकडे ती गोठते कधी, कडाक्याच्या थंडीत दोन-चार आठवडे. बाकी वर्षभर ते चॉकलेट फ्रिजमधून ताटलीत येईपर्यंत चटणी होतं. घरच्या घरी फ्रिजसमोर उभं राहून खायचं असेल तर करा.

आता दाण्यांकडे येते, कारण माझं मत असं की या वड्यांमध्ये चॉकलेटपेक्षा जास्त फरक भाजण्याने पडतो, आणि सगळे घाई तिथेच करतात. चांगले भाजलेले शेंगदाणे आणि साधं कंपाउंड हे कच्चे बदाम आणि महागड्या चॉकलेटला केव्हाही हरवतं. सासूबाईंनी सुद्धा दुसऱ्या वेळी, दाणे घातलेलं खाल्लं तेव्हा न बोलता दुसरं उचललं. दाणाबाजारातून आणलेले दाणे आधी निवडायचे, काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास असलेले सरळ फेकायचे, कडू लागतात म्हणून नाही फक्त, त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. मग लोखंडी कढईत मंद आचेवर, हलवत हलवत, वीस मिनिटं तरी. फोलपटावर डाग पडले म्हणजे भाजले असं नसतं, एक दाणा चोळून दोन फाका करायच्या आणि आतली बाजू बघायची, पांढरी असेल तर कच्चा, मारी बिस्किटाच्या रंगाची झाली की उतरवा, कारण कढईच्या गरमीने तो अजून एक छटा पुढे जातोच. मग पूर्ण गार. पूर्ण म्हणजे पूर्ण, कोमट दाणे टेंपर केलेल्या चॉकलेटात घातले की सकाळची सगळी मेहनत गेली. शेवटी चिमूटभर बारीक मीठ, हे विसरू नका.

बदाम कुरकुरीत राहतात आणि डब्यात छान दिसतात, ओव्हनला 160 वर दहा-बारा मिनिटं पुरतात. काजू मला यात आवडत नाही, महाग असून दोन आठवड्यांत मऊ पडतो. अक्रोडाला खवट वास लवकर येतो, आपल्या उन्हात तर फारच, तो हिवाळ्यातल्या डार्कसोबतच. आणि आपल्या गावची एक गंमत, केळीचे खारे वेफर्स. जाडसर चुरून डार्कमध्ये घाला किंवा अख्खा वेफर अर्धा बुडवा, खारट-कडू-गोड असं काहीतरी होतं की पाहुणे विचारतात हे काय आहे. जळगावच्या केळीला 2016 ला जीआय, म्हणजे त्या भागाची खास वस्तू म्हणून सरकारी मान्यता मिळाली, आपण मात्र तिला उपवासाच्या डब्यातच ठेवलंय.

प्रमाण दोन्हीला तेच, 200 ग्राम चॉकलेटला 150 ग्राम दाणे, चमच्याने बटर पेपरवर ढीग घातले की अठ्ठावीस-तीस नग होतात. साचे घेऊच नका सुरुवातीला.

राहिली चिक्की, आणि नणंदेला मी आखाजीसाठी तीच सांगितली, कोको घातलेली. 250 ग्राम भाजलेले दाणे सोलून फाका केलेले, 200 ग्राम चिक्कीचा गूळ, चमचाभर तूप. गूळ वितळून फेसाळला की वाटीभर गार पाण्यात थेंब टाकून बघत राहायचं, ओढल्यावर लांबला तर पाक कच्चा, दात काढेल ती चिक्की, कट्टकन तुटला तरच गॅस बंद. मग चिमूटभर सोडा, चाळलेली कोको पावडर एक मोठा चमचा, दाणे, आणि लगेच तूप लावलेल्या ओट्यावर पातळ लाटायचं, गरम आहे तोवर सुरीने रेघा. पाकाचं काम पोरांना अजिबात द्यायचं नाही, तो चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट, चिकटून बसतो. त्यांना दाणे सोलू दे, रेघा पाडू दे.

ही चिक्की 44 डिग्रीलाही वितळत नाही, आणि आपली मेची हवा कोरडी असते म्हणून खुटखुटीत राहते. कोकोमुळे वास चॉकलेटचा येतो, मुलांचं समाधान. पण हीच चिक्की राखीला करू नका, जुलै-ऑगस्टची दमट हवा तिला दोन दिवसांत चिकट करते, तेव्हा कंपाउंड बरं. दिवाळीलाही कंपाउंडच, कारण तेव्हा घरात फराळाचा गॅस दिवसभर चालू असतो, टेंपर करायला कोणाला वेळ आहे. नाताळ ते संक्रांत असली. एवढंच माझं कॅलेंडर आहे, आणि ते चवीपेक्षा हवेवर चालतं.

फ्रिजचं मात्र एक ऐका. कंपाउंडचे ढीग बसायला दहा मिनिटं फ्रिज ठीक, पण महिनाभर उघडे ठेवले की बाहेर काढताच घाम सुटतो, त्या पाण्यात साखर विरघळते आणि वाळल्यावर खरखरीत पांढरे डाग राहतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर अर्धा तास डबा उघडू नका. प्रवासाला द्यायचे तर रात्रीच्या गाडीने. दिवसा बंद कारच्या डिकीत ठेवले तर पोहोचेपर्यंत एकच मोठी लादी होते, दाण्यांसकट.

नणंद तरी म्हणाली, वहिनी, पोरांना साच्यातलंच पाहिजे, मी दोन्ही आणते. आण म्हटलं. कंपाउंड पहाटे पाचला उठून करू, पोरं उठली तर. असली माझ्या फ्रिजच्या तळाशी डिसेंबरपर्यंत पडून राहील, आणि ती तेव्हा येणार नाही, त्यामुळे माझं काही नुकसान नाहीये.